चर्चच्या मिशन ट्रिपला परदेशात गेल्यावर उपासना आणि रोजचं जगणं कसं असतं? पहिल्यांदाच जातोय, काय तयारी करू?

मी नगरकडची. आमच्या तरुण संघाचा गट नेपाळला जाऊन आला, तेव्हा मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, एक ज्येष्ठ कमिटी मेंबर उपासनेनंतर सगळ्यांसमोर म्हणाले, "नेपाळ हा काय परदेश आहे? ना व्हिसा, ना पासपोर्ट. सहलीला गेलो होतो म्हणा की." तुमचा प्रश्न वाचून तेच पुन्हा आठवलं.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सीमा, मग बुटवलहून घाट चढून पाल्पा जिल्ह्यातलं तानसेन, आणि तिथून पायी वर मगर जमातीच्या एका वस्तीत, असा आमचा प्रवास. व्हिसा लागला नाही हे खरं. पण पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे रविवारी उपासना नसते. नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारची, आम्ही गेलो तेव्हा रविवारी शाळा-कचेऱ्या चालू होत्या. म्हणून मंडळी शनिवारी जमते.

चपला दाराबाहेर. आत बाक नाहीत, जमिनीवर सुकुल, म्हणजे गवताच्या चटया, अंथरलेले. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, बायांच्या डोक्यावर ओढणी. येणारा प्रत्येक जण हात जोडून "जयमसीह" म्हणतो, लहान मूलसुद्धा. मग मादल, म्हणजे तिथला ढोलक, सुरू होतो आणि तासभर गाणं थांबत नाही. लिपी देवनागरीच असल्यामुळे भजनाचं पुस्तक हातात आलं की आम्ही लगेच त्यांच्याबरोबर गात होतो, अर्थ मागाहून उमगायचा. आम्ही ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांवर वाढलेली माणसं, टाळ-पेटीवर देवाची स्तुती आम्हाला नवी नाही. पण प्रार्थनेला सगळी मंडळी एकदम मोठ्याने बोलू लागते, कुणी रडतंय, कुणी हात वर केलेत, तेव्हा पहिल्यांदा मला डोळे मिटून राहणंच जमेना.

अर्पणाच्या वेळी बाया कापडी पिशव्या घेऊन पुढे आल्या. रोज भात शिजवताना एकेक मूठ तांदूळ बाजूला काढलेला, तो आठवड्याचा साठा. माझ्या शेजारच्या आजींनी पिशवी उलटी करून झटकली, शिवणीत अडकलेले दाणे नखाने काढले आणि तेही टोपलीत टाकले.

नंतर साक्ष, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगणं. आम्ही ज्यांच्या घरी राहायचो त्या दिदी उभ्या राहिल्या. माहेर धादिंग जिल्ह्यातलं. 2015 च्या 25 एप्रिलला मोठा भूकंप झाला, तो शनिवारच होता, दुपारी बाराला काही मिनिटं कमी. कितीतरी मंडळ्या त्या वेळी उपासनेत होत्या. दिदींची आई तशीच गेली, चर्चची भिंत अंगावर येऊन. हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं आणि मग ज्या भजनावर त्या दिवशी उपासना थांबली होती तेच म्हणायला सुरुवात केली. त्यांना सहलीला आलेली माणसं दिसत होती का आम्ही?

रोजच्या जगण्याचं म्हणाल तर उजाडायच्या आत चिया म्हणजे चहा, मग काम, दहाच्या सुमाराला डाळभात, दुपारी चिउरा म्हणजे पोहे किंवा मकई, रात्री पुन्हा डाळभात, कधी ढिंडो. तो बहुधा नाचणीच्या नाहीतर मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा असतो, आपल्या माणसाला लगेच आवडतो. आमचं काम चर्चच्या छपराचे पत्रे बदलायचं. वाळू खालच्या रस्त्यावरून डोकोत भरून आणायची. डोको म्हणजे पाठीवरची बांबूची टोपली, तिचा पट्टा कपाळावर घ्यायचा. दिदी तसं ओझं घेऊन चढ चढता चढता बोलायच्या, मी अर्धी टोपली घेऊन गप्प.

आणि इथेच त्या कमिटी मेंबरांचा दुसरा प्रश्न येतो: "बाप्तिस्मे किती झाले?" एकही नाही, आणि आमच्या हातून व्हायलाही नको होता. नेपाळच्या 2015 च्या संविधानात कलम 26 आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्यास मनाई. 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर. आम्ही बस धरून घरी येतो, भोगायचं तिथल्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना. 1954 मध्ये तिथे युनायटेड मिशन टू नेपाळ या ख्रिस्ती सेवासंस्थेचं काम सुरू झालं तेही धर्मांतर करायचं नाही या अटीवरच. तानसेनचं मिशन हॉस्पिटल त्याच काळातलं, आजही आसपासचे डोंगर उतरून लोक तिथे येतात. ही सेवा नव्हे असं कुणी मला समोर बसून सांगावं.

तयारी म्हणाल तर स्वतःचा टॉर्च, अंगभर कपडे, गरम शाल, पोटाची औषधं. पावसाळ्यात जाऊ नका, जळवा फार. भेटवस्तूंची पोती नेऊ नका, पत्र्याला पैसे लागतात ते मंडळीच्या हिशेबात रीतसर द्या. उपासनेचे फोटो पाळकांना विचारल्याशिवाय काढू नका आणि व्हॉट्सअॅपवर तर अजिबात टाकू नका. आमच्या गावाकडच्या ग्रुपवर कुणीतरी नावगावासकट टाकले होते आणि पाळकांचा काळजीचा फोन मला आला. मी ते उतरवायला लावले, त्यावरूनही कमिटीत बोलणी खाल्ली.

हे सगळं डोंगरातल्या एका मंडळीचं. काठमांडूत खुर्च्या, गिटार, प्रोजेक्टर सगळं आहे. तुम्ही केनियाला किंवा फिलिपिन्सला जाणार असाल तर तिथल्या रीती तिथल्या पाळकांनाच विचारा. परत आल्यावर तुमच्याही मंडळीत कुणी आकडा मागेल. त्यांना म्हणा, पुढच्या खेपेला तुम्हीच चला, वाळू वाहायला माणसं कमी पडतात.