फॉल्ट सुटल्यावर ग्रिड-फॉर्मिंग (स्वतःच व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी ठरवणारा) इन्व्हर्टर ट्रिप होतो. करंट लिमिट वाढवू का?

तुम्ही लिहिलंय की फॉल्टमध्ये (ग्रिडवरच्या शॉर्ट सर्किटमध्ये) लिमिट लागते, आयजीबीटी (इन्व्हर्टरमधले पॉवर स्विच) वाचतात, पण फॉल्ट 150 मिलिसेकंदांनी सुटल्यावर इन्व्हर्टर सिंक सोडतो. लिमिट वाढवू नका. सिंक्रोनस जनरेटर थोडा वेळ पाच-सहा पट करंट सोसतो, आयजीबीटीला साधारण 1.2 ते 1.5 पटींतच भागवावं लागतं. खरी गोम इन्व्हर्टर आणि ग्रिड यांच्या व्होल्टेजमधल्या कोनात आहे.

आकडेच घालून बघू. पर युनिटमध्ये (रेटेड मूल्याच्या पटीत) इन्व्हर्टर आणि ग्रिडमधला रिॲक्टन्स 0.5, पॉवर 0.8, म्हणजे सुरुवातीचा कोन 24 अंश. फॉल्टमध्ये व्होल्टेज 0.2 वर आलं, पॉवरही तेवढीच उरली असं धरू. कंट्रोलरला 0.6 ची तूट दिसते, म्हणून तो फ्रीक्वेन्सी चढवतो. 2 टक्के ड्रूप (पूर्ण पॉवरएवढ्या तुटीला 2 टक्के फ्रीक्वेन्सीबदल) आणि 50 हर्ट्झ धरले तर 0.6 हर्ट्झने. 150 मिलिसेकंदांत कोन 32 अंश सरकून 56 वर जातो. आता व्होल्टेज परत आलं, तरी या कोनाला करंट हवा जवळपास 1.9 पट, म्हणून 1.2 ची लिमिट काही सुटत नाही. ती डी-अक्षाला (इन्व्हर्टरच्या स्वतःच्या व्होल्टेजच्या दिशेतल्या करंटला) प्राधान्य देणारी असेल तर पॉवर मिळते 1.2 × कॉस 56°, म्हणजे 0.67. हवी 0.8. तूट कायम, कोन पुढेच पळत राहतो. या हिशोबात 48 अंश ओलांडले की परतीची वाट बंद, आणि तिथे पोचायला फक्त 115 मिलिसेकंद लागतात!

म्हणून मी सगळ्यात आधी पॉवर रेफरन्सला (किती पॉवर द्यायची ते कंट्रोलरला सांगणाऱ्या आकड्याला) हात घालतो: फॉल्टच्या काळात तो मोजलेल्या व्होल्टेजच्या प्रमाणात खाली आणायचा. 0.8 चा 0.16 झाला की तूटच उरत नाही, कोन जागच्या जागी राहतो. व्होल्टेज लूपच्या इंटिग्रेटरला अँटी-वाइंडअप (लिमिट लागली असताना चूक साठवत न जाण्याची सोय) हवाच, नाहीतर फॉल्ट गेल्यावरही तो लिमिटला चिकटून बसतो. डी-अक्षाच्या प्राधान्याऐवजी व्हर्च्युअल इम्पिडन्सने (कंट्रोलमध्येच घातलेल्या काल्पनिक इम्पिडन्सने) करंट आवरला तर इन्व्हर्टर व्होल्टेज सोर्ससारखाच वागत राहतो. फक्त पहिल्या काही मिलिसेकंदांचा झटका त्याला पकडता येत नाही, त्यासाठी वेगळी जलद लिमिट ठेवा.

व्हर्च्युअल इनर्शिया (जनरेटरच्या फिरत्या वस्तुमानाची कंट्रोलमधली नक्कल) लावली असेल तर जास्तच जपा. 2 सेकंदांचा इनर्शिया कॉन्स्टंट धरला तर 150 मिलिसेकंदांत कोन 30 अंशच सरकतो, पण फॉल्ट सुटताना फ्रीक्वेन्सी 1.1 हर्ट्झ वर असते, त्यामुळे कोन त्याच ओघात पुढे जातो. तिथे डॅम्पिंग वाढवावं लागतं.

पुढच्या चाचणीत करंटसोबत इन्व्हर्टर आणि ग्रिड यांच्यातला कोनही रेकॉर्ड करा आणि तो आलेख इथे टाका. तो पाहिल्याशिवाय गेनचे आकडे मी सुचवणार नाही.