वाचणारा माणूस नसून एआय एजंट असेल, तर टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं?

तुमची अडचण अशी दिसते: अमेरिकी कंपन्यांनी तिथल्या नियामकाकडे भरलेली कागदपत्रं आणून देणाऱ्या टूलची माहिती लिहायचं काम मिळालंय, ती वाचणार एआय एजंट, म्हणजे स्वतः टूल वापरून कामं करणारा एआय प्रोग्राम, आणि तुमचं इंग्रजी बेताचं. मी आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावातून हेच काम करतो, म्हणून चुकांसकट सांगतो.

एजंट वाचतो, पण समजलं नाही तर फोन करून विचारत नाही. माणूस निदान शिव्या तरी घालतो. एजंट मात्र अंदाज बांधतो आणि चालायला लागतो. त्यामुळे टूल काय आणतं हे लिहायला अर्धा तास पुरतो. खरं काम आहे ते काय आणत नाही हे लिहिण्याचं.

माझी पहिली फजिती ऐका. मी वर्णनात लिहिलं होतं, 'कंपनीचा ताजा तिमाही अहवाल आणतं.' चाचणीत एकाने चौथ्या तिमाहीची विक्री विचारली. आता तिकडे तिमाहीचा अहवाल, म्हणजे १०-क्यू, वर्षातून तीनदाच भरतात. चौथ्या तिमाहीचा वेगळा नसतो, ती वार्षिक अहवालात, म्हणजे १०-केमध्येच येते. टूलने इमानदारीने हाती असलेला शेवटचा १०-क्यू दिला, म्हणजे तिसऱ्या तिमाहीचा, आणि एजंटने तोच आकडा चौथीचा म्हणून ठोकून दिला. कोड बरोबर होता. घोळ माझ्या 'ताजा' या शब्दाने केला. आता तिथे असं आहे: 'शेवटचा भरलेला १०-क्यू आणतं. चौथ्या तिमाहीचा १०-क्यू नसतो. तिची विक्री हवी असल्यास १०-केमधल्या पूर्ण वर्षाच्या आकड्यातून तिसऱ्या १०-क्यूमधला नऊ महिन्यांचा आकडा वजा करा.' लांबलचक आहे, पण त्यानंतर ती चूक झाली नाही.

दुसरी गोष्ट कंपनी नेमकी ओळखण्याची. पटवाऱ्याकडे नुसतं नाव सांगून सातबारा मागून बघा. आमच्या गावात एकाच नावा-आडनावाचे तीन जण आहेत, म्हणून तो आधी गट नंबर विचारतो. एडगरवर, म्हणजे अमेरिकेच्या सेक या नियामकाच्या साठ्यात, कंपनीचा गट नंबर म्हणजे सीआयके. ॲपलचा ३२०१९३. पण एडगरच्या डेटा एपीआयला, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागायच्या खिडकीला, तो पुढे शून्यं लावून पूर्ण दहा अंकी लागतो: ००००३२०१९३. एजंटने तो संख्या म्हणून पाठवला की पुढची शून्यं गळतात आणि पत्ता चुकतो. मी आधी यावर चार ओळींची सूचना लिहिली होती. मग डोक्यात प्रकाश पडला आणि डेव्हलपरला म्हटलं, भाऊ, शून्यं तुझ्या कोडमध्येच लाव ना. चार ओळी उडाल्या. लिहिताना एखादी गोष्ट फारच समजावून सांगावी लागत असेल तर ती बहुतेक कोडमध्ये सुधारायची असते, हे बिनधास्त सांगत जा.

सातबाऱ्यावर फेरफार असतो तसा इथे १०-के/ए असतो, मूळ अहवालातली दुरुस्ती. त्यात कधी कधी संचालक आणि त्यांच्या मानधनाचाच भाग असतो, ताळेबंद नसतोच. 'शेवटचा वार्षिक अहवाल' मागितल्यावर टूल मूळ अहवाल देतं की दुरुस्ती, हे एका वाक्यात लिहाच.

मग रिकामी यादी. इन्फोसिसचा १०-के मागितला तर काहीच येणार नाही, कारण ती परदेशी कंपनी म्हणून २०-एफ हा वेगळा वार्षिक अहवाल भरते. नुसतं रिकामं उत्तर गेलं की एजंट लिहून मोकळा, 'कंपनीने अहवाल सादर केलेला नाही.' केवढा मोठा आरोप! म्हणून रिकाम्या उत्तरासोबत कारण आणि पुढचं पाऊल जायला हवं: 'या कंपनीचा १०-के नाही, २०-एफ मागून पाहा.' काही चुकलं की टूल दाखवतं तो मजकूर हाही डॉक्युमेंटेशनच आहे. एजंट तो वर्णनापेक्षा जास्त मनावर घेतो, असा माझा अनुभव.

बारीकसारीक: एडगरला सेकंदाला १० पेक्षा जास्त विनंत्या चालत नाहीत, आणि प्रत्येक विनंतीसोबत जाणाऱ्या 'यूजर एजंट' या ओळीत (याचा आपल्या एआय एजंटशी संबंध नाही) आपली ओळख व ईमेल द्यावा लागतो. हे टूल स्वतः सांभाळत असेल तर एजंटला सांगायची गरजही नाही. १०-के शेकडो पानांचा असू शकतो, तेव्हा पूर्ण मजकूर येतो की फक्त मागितलेला भाग, उदाहरणार्थ जोखमींचा आयटम १ए, हे मात्र सांगा.

तपासायची माझी रीत गावठी आहे. रब्बीत थ्री फेज रात्री असली की बाबा हरभऱ्याला ओलित करायला जातात, मी लॅपटॉप घेऊन मोटरच्या खोलीत बसतो. एजंटला फक्त माझं वर्णन आणि टूल द्यायचं, कोड नाही, आणि दहा-वीस आडवेतिडवे प्रश्न विचारायचे. चुकलेल्या प्रत्येक उत्तराखाली माझं कोणतं वाक्य त्याला तिकडे घेऊन गेलं ते लिहून काढायचं. बाबा पाइप बदलून येईपर्यंत एखादं वाक्य सुधारून होतं.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. मी आधी मराठीत लिहितो, मग छोट्या वाक्यांत उतरवतो. एजंटला भाषेचं सौंदर्य नको असतं. तुमच्या मसुद्यात 'ताजा', 'संबंधित' आणि 'इत्यादी' हे तीन शब्द कुठे कुठे आलेत ते आज शोधा, आणि प्रत्येकाच्या जागी नेमकं काय ते डेव्हलपरला विचारून भरा.