तीसपैकी किती, एवढंच लिहू नकोस

प्रिय पोरी,

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात रुजू झालीस, फार बरं वाटलं. पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या, खोटे संशय येणाऱ्या तरुण मुलामुलींचं लक्ष, स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग तपासायचा तर कोणती चाचणी घेऊ, असं तू विचारलंस. चाचण्यांचं पुढे सांगते. आधी तपासायचं कशासाठी, ते बघू.

गोळ्या सुरू होतात, आवाज थांबतात, संशय ओसरतो आणि घरच्यांना वाटतं, पोरगा बरा झाला. मग त्याला शेतात धाडतात. केळीच्या बागेत ठिबकचा एक व्हॉल्व्ह बंद करून दुसरा सोडायचा असतो. तो पहिलाच चालू ठेवून बांधावर बसून राहतो. दुकानातून तीन वस्तू सांगितल्या तर एक आणतो. पोलीस भरतीचं पुस्तक उघडतो आणि तासाभरानंतरही पान तेच असतं. बाप म्हणतो, आळशी झाला, नाहीतर गोळ्यांनी मंद झाला. मग गोळ्या बंद होतात आणि दोन-चार महिन्यांत तो पुन्हा तुझ्यासमोर असतो, पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत.

हा आळस नव्हे. लक्ष आणि स्मरणातली ही घट बहुतेक वेळा आजाराचाच भाग असते. पुष्कळ मुलांत ती पहिल्या झटक्याच्या आधीपासून सुरू झालेली असते आणि आवाज थांबले म्हणून ती आपोआप जात नाही. मुलगा शिक्षण पुरं करेल का, काम टिकवेल का, हे आवाजांपेक्षा या घटीवर जास्त अवलंबून असतं. घरच्यांना हे कुणी सांगत नाही. तपासणी त्यांना हे सांगण्यासाठी आणि त्याचा दिवस थोडा सोपा करण्यासाठी घ्यायची. त्यातलं काहीच होणार नसेल तर त्या पोराला उगाच परीक्षेला बसवू नकोस. परीक्षांनी तो आधीच खचलेला असतो.

मोका (MoCA) ही लक्ष-स्मरणाची छोटी चाचणी सगळ्यांच्या हाताशी असते. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, वयस्कांतला सौम्य विसराळूपणा ओळखण्यासाठी. दहा मिनिटं, ३० गुण, २६ च्या खाली आलं तर पुढे बघायचं. तरुणांसाठी तिची चाळण मोठ्या भोकांची आहे. दहावीला नव्वद टक्के मिळवलेली मुलगी आज २७ गुण घेईल, तू 'सामान्य' लिहिशील, आणि तिला मात्र कॉलेजातलं एक व्याख्यान डोक्यात धरता येत नसेल. म्हणून आकड्याआधी तिचा पूर्वीचा ठाव घे. कितवीपर्यंत गुण बरे होते, कुठल्या वर्षी घसरले, घरातला हिशोब पूर्वी कोण करायचं. आईपेक्षा मोठी बहीण हे जास्त नेमकं सांगते, असा माझा अनुभव आहे. तिला वेगळं बसवून विचार.

याच्या उलटही होतं. धडगावकडचा, पावरी ही आदिवासी बोली बोलणारा, आश्रमशाळेत मराठी शिकलेला मुलगा कमी गुण घेईल आणि त्यात आजाराचा वाटा थोडाच असेल. बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर मोकात एक गुण वाढवून देतात. पण एका गुणाने ते अंतर भरत नाही. काट्यांचं घड्याळ काढायला सांगितलं तर मोबाइलवरच वेळ बघत वाढलेली मुलं अडखळतात, तेही ध्यानात ठेव. सूचना अहिराणीत किंवा पावरीत, त्याच्या बोलीत समजावून दे, जरूर दे. पण ज्याला गुण आहेत तो मजकूर जागच्या जागी भाषांतर करून विचारू नकोस, कारण मग त्या गुणांची तुलना कशाशीच करता येत नाही. कुठल्या भाषेत बोलणं झालं, ते रिपोर्टात लिही.

झटका जोरात असताना तपासू नकोस. तब्येत काही आठवडे स्थिर राहू दे. त्या दिवशी रात्रीची झोप झाली का, सकाळची गोळी घेतली का, पहाटेच्या एसटीने उपाशी आलाय का, तंबाखू-गांजा कधी घेतला, मन उदास आहे का, सगळं विचार. हात बघ. काही औषधांनी हात ताठरतात, आणि चिन्हांखाली आकडे लिहायच्या चाचणीत पेन हळू चाललं की आपण डोकं हळू चालतंय असं समजतो. तो ताठरपणा घालवायला देतात त्या ट्रायहेक्सिफेनिडिलनेही स्मरण मंदावतं. रुग्णाला गोळी बंद करायला तू सांगायचं नाहीस, पण डॉक्टरांच्या कानावर घालायचं, आणि तेही त्याच दिवशी. मुलगा अचानक गोंधळला असेल, वेळ-जागा कळत नसेल, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरंच असं चाललं असेल, तर चाचणी बाजूला ठेव आणि लगेच डॉक्टरांकडे ने. ते शरीराच्या आजाराचं लक्षण असू शकतं.

आता चाचण्या. मोका पहिल्या गाळणीपुरती ठेव, जमलं तर बॅक्स (BACS) ही चाचणी शिकून घे. ती स्किझोफ्रेनियासाठीच, म्हणजे सायकोसिसच्या दीर्घ चालणाऱ्या आजारासाठीच बनवलेली आहे आणि पाऊण तासाच्या आत होते. जास्त खोलात जायचं तर बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेची २००४ ची बॅटरी, म्हणजे अनेक चाचण्यांचा संच आहे, पण गर्दीच्या ओपीडीत तिला वेळ मिळणं कठीण. सहा महिन्यांनी पुन्हा घेशील तेव्हा पर्यायी संच वापर. नाहीतर सरावाने वाढलेले गुण सुधारणा म्हणून धरले जातात.

निकाल आधी त्या मुलाला सांग, मग त्याच्या संमतीने घरच्यांना. काय शाबूत आहे तिथून सुरुवात कर. आणि कागद जपून ठेव. आपल्याकडे सोयरीक जुळवताना असे कागद कुठून कुठे पोहोचतात, तुला सांगायला नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय. मामा आला, सरपंच आला, तरी त्याच्या होकाराशिवाय रिपोर्ट द्यायचा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार अपंगत्वाच्या यादीत आहे, पण पहिल्याच वर्षी प्रमाणपत्राची घाई करू नकोस. फायदे-तोटे समजाव, ठरवू दे त्याला.

मग शिफारशी, आणि त्या त्याच्या घरातल्या असू देत. बापाला सांग, एका वेळी एकच काम सांगा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. व्हॉल्व्हांना रंग लावा, पाण्याच्या पाळीच्या वेळेचा गजर मोबाइलवर लावा. कॉलेजात प्राचार्यांशी बोलायचं तर त्याला सोबत घेऊन. लक्ष-स्मरणाचा सराव प्रशिक्षकासोबत आणि खऱ्या कामाला जोडून घेतला तर जास्त उपयोगी पडतो. नुसत्या मोबाइलवरच्या खेळांवर पैसे घालवू देऊ नकोस.

पहिले काही रिपोर्ट नावं-गावं खोडून मला पाठव. मी शिफारशींचा रकाना आधी वाचीन.

तुझी,
मॅडम