ससा 'रवंथ' करतो का?

अचलपूर तालुक्यातून विचारणा आहे: मराठी बायबलात, लेवीय या पुस्तकातल्या खाण्यास योग्य-अयोग्य प्राण्यांच्या यादीत (११:६), ससा रवंथ करतो असं म्हटलंय. विज्ञानाला ते मान्य नाही. मग 'रवंथ'चा अर्थ इथे वेगळा घ्यायचा, की भाषांतर चुकलं?

दोन्ही नाही. शब्द बरोबर आहे, भाषांतरही बरोबर आहे. विधानच सशाला लागू पडत नाही.

'रवंथ' हा संस्कृत 'रोमन्थ'वरून आला. खाल्लेलं पोटातून परत तोंडात आणणं आणि ते पुन्हा चावणं, दोन्ही झालं तरच रवंथ. ढोरं बाभळीखाली बसली की एखाद्या गाईच्या मानेकडे नीट पाहा. गळ्यातून गोळा वर सरकलेला दिसतो, ती तो जवळपास मिनिटभर चावते, गिळते, काही क्षणांत दुसरा येतो. कडबा, कुटार असली राठ वैरण याच जोरावर पचते. पोट चार कप्प्यांचं. गोळा पहिल्या दोन कप्प्यांतून येतो. मूळ हिब्रू प्रयोगही 'गेरा (रवंथाचा गोळा) वर आणणारा' असाच आहे, म्हणजे 'वर आणणं' क्रियापदातच आहे.

सशाचं पोट एका कप्प्याचं. त्याला उलटीसुद्धा होत नाही, मग वर आणणार काय?

यावर बचाव असा करतात: ससा आपली लेंडी खातो, तोच त्याचा रवंथ. लेंडी खाण्याची गोष्ट खरी आहे, मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ मध्ये तिचं वर्णन केलं. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरडी कडक लेंडी शेताच्या धुऱ्यावर दिसते ती. दुसरी मऊ, बुळबुळीत आवरणाची. लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरच्या मोठ्या पिशवीत तयार होते. ती तो गुदद्वाराला तोंड लावूनच घेतो आणि बहुतेक न चावता गिळतो. म्हणजे वर आणणं नाही आणि चावणंही नाही. शिवाय अर्थ एवढा ताणला, तर पुढच्याच वचनाची पंचाईत होते. ११:७ मध्ये डुकराचे खूर चिरलेले आहेत पण ते रवंथ करत नाही, म्हणून ते निषिद्ध ठरवलंय. विष्ठा खाणं म्हणजे रवंथ असेल तर गावातल्या डुकराला रवंथ करणाऱ्यांतून कसं वगळणार?

हे विधान आलं कुठून, तर बहुधा जबड्याच्या हालचालीवरून. ससा बसल्या जागी तोंड हलवत असतो, लांबून ढोरक्यालाही ते रवंथासारखं वाटेल. दात पाहिले की शंका उरत नाही: गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, सशाला तिथे पुढे दोन आणि त्यांच्या मागे दोन बारीक असतात. तोंड हलतं एवढंच सांगायचं असेल, तर मराठीत 'चघळणं' आहे. पण तो शब्द इथे बसवला तर मूळ मजकूर दुरुस्त केल्यासारखं होईल. भाषांतरकाराचं ते काम नव्हे.

याच अध्यायातलं वटवाघूळ (११:१९) मात्र चिकित्सकांनी सोडून द्यावं. 'बायबल वटवाघळाला पक्षी म्हणतं' हा आक्षेप मुख्यतः मराठी 'पक्षी'वर उभा आहे. हिब्रू 'ओफ' म्हणजे उडणारं काहीही. पुढच्याच वचनात पंखवाल्या किड्यांनाही तोच शब्द वापरलाय. तिथे अडचण भाषांतराची आहे, सशाच्या बाबतीत मजकुराची.