बाकेनच्या विहिरींचा सातबारा कसा वाचायचा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात, जिथे बाकेन नावाच्या खडकाच्या थरातून तेल काढतात, 2012 मध्ये दोनशेहून जास्त रिग (विहीर खोदणारी यंत्रणा) चालू होत्या, 2019 मध्ये साठच्या आसपासच होत्या, तरी तेल दुपटीहून जास्त निघालं. मग आकड्यांत घोळ आहे का? आणि तिथले नियम कोणी पाळतं का? मी तिथल्या वॉटफर्ड सिटी या गावाच्या आसपास सहा वर्षं रिगवर भूवैज्ञानिक म्हणून काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकड्यांत घोळ नाही. 29 मे 2012 ला 218 रिग होत्या, हा उच्चांक. तेव्हा राज्याचं उत्पादन दिवसाला साडेसहा लाख बॅरलच्या आसपास होतं. नोव्हेंबर 2019 मध्ये ते 15 लाखांच्या वर गेलं. मधल्या काळात काम करायची पद्धतच बदलली. पूर्वी एक विहीर झाली की रिग सुटी करायची, ट्रकवर चढवायची आणि दुसरीकडे पुन्हा उभी करायची. नंतर एकाच पॅडवर (खोदकामासाठी सपाट केलेल्या जागेवर) ओळीने चार, सहा, आठ विहिरी घेऊ लागले आणि रिग उभीच्या उभी पुढच्या विहिरीवर सरकू लागली. दहा हजार फूट खाली आणि जवळपास तेवढंच आडवं, अशा विहिरीला आधी महिना लागायचा. पुढे तेच काम दोन आठवड्यांत उरकू लागलं. फ्रॅकिंगमध्ये, म्हणजे खूप दाबाने पाणी सोडून खडक फोडताना, वाळू आणि पाणीही कितीतरी जास्त जाऊ लागलं. त्यामुळे बेकर ह्यूजेस या तेलसेवा कंपनीचा दर शुक्रवारचा रिगचा आकडा जरूर बघा, पण त्यावरून उत्पादनाचा अंदाज बांधू नका. मे 2020 मध्ये उत्पादन नऊ लाखांखाली घसरलं, ते भाव कोसळल्यावर कंपन्यांनी हजारो चालत्या विहिरी बंद केल्या म्हणून.

माझा सल्ला असा की एखादं छोटं क्षेत्र निवडा आणि तिथल्या एकेका विहिरीचा कागदोपत्री शेवटपर्यंत पाठलाग करून बघा. राज्याच्या तेल-वायू विभागाचा नकाशा सगळ्यांना खुला आहे. प्रत्येक विहिरीला राज्याचा फाइल क्रमांक असतो, शिवाय एपीआय क्रमांक, म्हणजे अमेरिकेत विहिरींना देतात तो ओळख क्रमांक, असतो. त्यातले पहिले दोन अंक 33 म्हणजे नॉर्थ डकोटा, पुढचे तीन काउंटीचे: मॅकेन्झी 053, माउंट्रेल 061, विल्यम्स 105, डन 025. हा क्रमांक म्हणजे विहिरीचा सातबाराच समजा.

पाठलाग सुरू करायचा तो सुनावणीपासून. बहुतेक लोक परमिटपासून (खोदण्याच्या परवान्यापासून) सुरू करतात आणि तिथेच उशीर होतो. तिथे एक सेक्शन म्हणजे एक मैल बाय एक मैल, 640 एकर. सहसा दोन सेक्शन जोडून 1280 एकरांचं एक युनिट करतात. त्या युनिटमध्ये जास्त विहिरी घ्यायच्या असतील किंवा त्याच्या सीमा बदलायच्या असतील, तर कंपनीला राजधानी बिस्मार्कमध्ये राज्याच्या आयोगापुढे अर्ज करावा लागतो, आणि त्या सुनावण्यांची यादी आधी जाहीर होते. कंपनीचं लक्ष पुढे कुठे आहे, हे कोणत्याही बातमीच्या आधी त्या यादीत दिसतं. परमिट नंतर येतं. ते वर्षभरच चालतं आणि बरीच परमिटं न वापरता संपतात, म्हणून परमिटांच्या संख्येवर फार भिस्त ठेवू नका. खणून झालेली विहीरसुद्धा फ्रॅकिंगची वाट बघत महिनोन् महिने पडून राहते. थंडीत फ्रॅकिंग रेंगाळतं, आणि वसंतात बर्फ वितळून रस्ते मऊ पडले की जड ट्रकांवर निर्बंध येतात. हे माहीत नसेल तर मार्चचा आकडा बघून माणूस उगाच घाबरतो.

कंपनीने मागितलं तर विहिरीची माहिती सहा महिने गोपनीय राहते. नवे लोक इथे हात टेकतात. पण त्या काळातही कंपनीचं नाव, जागा, खोदकाम सुरू झाल्याची तारीख आणि विकलेलं तेल उघड असतं. विकलेल्या तेलावरून विहीर कशी आहे ते चांगलं कळतं. मात्र पहिल्या दोन महिन्यांवर हुरळून जाऊ नका; बाकेनची विहीर पहिल्या वर्षातच साठ-सत्तर टक्क्यांनी उतरते. राज्याचा मासिक अहवालही दोन महिने मागचा असतो, सप्टेंबरचं उत्पादन नोव्हेंबरच्या मध्यावर कळतं.

एवढ्या नोंदी खुल्या असण्याचं एक कारण मालकी हेही आहे. आपल्याकडे शेताखालच्या तेलावर शेतकऱ्याचा हक्क नसतो. तिथे बऱ्याच जमिनीखालचं तेल खाजगी मालकीचं आहे, आणि रॉयल्टीचा चेक बरोबर आला का हे त्या मालकाला ताडून बघावं लागतं.

आता नियमांचं. गव्हर्नर, अॅटर्नी जनरल आणि कृषी आयुक्त या तीन निवडून आलेल्या माणसांचा आयोग निर्णय घेतो. तेलाला चालना देणं आणि नासाडी रोखणं, दोन्ही कामं त्याच्याकडेच आहेत, आणि मला ही रचना मुळातच चुकीची वाटते. तेलाबरोबर वर येणारा वायू तिथेच जाळून टाकतात, त्याचंच बघा. 2014 च्या आदेशाने वायू न जाळता पकडण्याची टक्केवारी ठरवून दिली: आधी 74, पुढे वाढत जाऊन नोव्हेंबर 2018 मध्ये 88. पण 2019 मध्ये प्रत्यक्षात ती 81 च्या आसपासच घुटमळत होती. तेल वाढलं तसा वायूही वाढला, त्यामुळे टक्केवारी सुधारलेली दिसते तेव्हाही जळणारा वायू कमी झालेला असेलच असं नाही. जळालेल्या वायूचे घनफूट बघा. रात्री वॉटफर्ड सिटीकडे गाडी चालवताना क्षितिजभर त्या ज्वाळा दिसायच्या, आणि रोज बघूनही मला कधी त्यांची सवय झाली नाही.

गळतीच्या नोंदी तर जास्तच सावधपणे वाचा. सप्टेंबर 2013 मध्ये त्याच राज्यातल्या टायोगा गावाजवळ पाइपलाइन फुटून वीस हजारांहून जास्त बॅरल तेल शेतात पसरलं. ते आधी दिसलं गहू कापणाऱ्या शेतकऱ्याला, आणि लोकांना कळायला आणखी दीड आठवडा गेला. खाऱ्या पाण्याची गळती मला तेलापेक्षा वाईट वाटते. तेलाबरोबर वर येणारं ते पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारट असतं, आणि जिथे मुरतं तिथे वर्षानुवर्षं गवतही उगवत नाही. मी होतो त्या एका पॅडवर असं पाणी सांडलं, तेव्हा पहिल्या दिवशी कागदावर गेलेला आकडा आणि आठवड्याने मोजलेला आकडा यांत मोठी तफावत होती. तेव्हापासून मी कोणतीही गळतीची नोंद एकदा वाचून सोडत नाही. पहिली नोंद उतरवून ठेवा, महिन्याने आणि मग सहा महिन्यांनी तीच पुन्हा उघडा, आणि आकडा बदलला असेल तर तो कधी बदलला, ती तारीख शेजारी लिहा.