‘सर्व हक्क’ दिले, पण किती वर्षांसाठी?

प्रश्न: चाकणच्या एका वाहनभाग कंपनीत नोकरीला असताना आम्ही चौघांनी यंत्रांच्या कंपनांवरून बिघाड आधीच ओळखणारं सॉफ्टवेअर तयार केलं. ऑक्टोबर 2021 मध्ये कंपनीने प्रकल्प वेगळा करायला परवानगी दिली आणि ‘या सॉफ्टवेअरचे सर्व हक्क आपल्या नव्या कंपनीस देत आहोत’ असं लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. आम्ही जुन्या नोकऱ्या जून 2022 मध्ये सोडल्या. आता गुंतवणूकदाराचे वकील म्हणतात, हे पत्र पुरेसं नाही. जुनी कंपनी आम्हाला अडवू शकते का?
– एक वाचक, बाणेर

उत्तर: अडवू शकते. हिंजवडीपासून रांजणगावपर्यंत अशा एकपानी पत्रांवर बरेच जण निश्चिंत बसलेले आहेत. नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा, हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणूनच तर पत्र घेतलंत. पण त्यात मुदत लिहून घेतली नाहीत. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19(5) प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचंच धरतात. म्हणजे तुमच्या हक्कांची मुदत ऑक्टोबर 2026 पर्यंतच. ‘सर्व हक्क’ या शब्दांतून कोणते हक्क ते कळतं, किती काळ ते नाही. ‘कायमचे’ एवढा एक शब्द असता तर भांडायला जागा होती. कलम 19(6) ची भर वेगळीच: क्षेत्र लिहिलेलं नसलं तर हक्क भारतापुरते मानले जातात. परदेशी ग्राहक घेतला असेल तर तिथे आजच तुमचा पाय अधांतरी आहे.

दुसरी गफलत नोकरी सोडण्याच्या तारखेची. ऑक्टोबर 2021 ते जून 2022 पगार जुन्या कंपनीचा होता. त्या काळात लिहिलेला कोड कलम 17 प्रमाणे तिचा ठरू शकतो, आणि पत्रात पुढच्या कामाबद्दल अक्षर नाही. शिवाय कोणा फ्रीलान्सरने किंवा बिनपगारी इंटर्नने काही भाग लिहिला असेल, तर तो बहुधा त्यांचाच. जे कंपनीच्या मालकीचं नव्हतं ते तिने तुम्हाला कसं दिलं असेल? त्यांच्या सह्या वेगळ्या घ्याव्या लागतील.

आता करायचं ते मुदत संपायच्या आत. जुन्या कंपनीकडून नवी असाइनमेंट डीड, म्हणजे हक्क हस्तांतरणाचा लेखी दस्त, करून घ्या. कॉपीराइटची संपूर्ण मुदत, संपूर्ण जग आणि मोबदल्याची रक्कम, तिन्ही स्पष्ट लिहा. मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते निसटतात; ही कलम 19(4) ची अट लागू नाही, असंही त्यातच नमूद करा. परिशिष्टात जून 2022 पर्यंतच्या कोडची तारीखवार यादी जोडा. ‘सदर सॉफ्टवेअर’ एवढ्यावर भागवू नका. सही करणाऱ्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव मागा. 2021 ची सही कोणाच्या अधिकाराने झाली, हे तुम्ही तेव्हा विचारलं नसणारच. मुद्रांक शुल्क मसुदा पाहून ठरेल. जुन्या तारखेचा स्टॅम्प पेपर मिळवून देतो म्हणणाऱ्याला मात्र दारात उभं करू नका.

जुन्या कंपनीला वकिली नोटीस आत्ता पाठवू नका. पाच वर्षांचं गणित त्यांच्या ध्यानात नसेल तर नोटिशीने येईल. त्यापेक्षा त्यांच्या कारखान्यांत हे सॉफ्टवेअर कायम मोफत वापरायचा परवाना देऊ करा. अशा कंपन्यांना बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं. कोर्टाच्या भरवशावर राहू नका. तातडीची मनाई मागायची नसेल तर व्यावसायिक दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची, त्यानंतर शिवाजीनगरच्या तारखा. गुंतवणूकदार तेवढा थांबत नाही.

बाकीचं मोघमच सांगता येईल. पेटंट अर्ज जुन्या कंपनीच्या नावावर असेल तर त्याचं हस्तांतरण वेगळं आणि लेखीच लागतं. तिथे पाच वर्षांचा नियम नाही. नोकरीच्या करारातलं ‘पुढे स्पर्धा करणार नाही’ हे कलम नोकरी सुटल्यावर करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही, गोपनीयतेचं टिकतं. आणि स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यता घेतली असेल तर तो अर्ज पुन्हा वाचा. चालू व्यवसायाचे तुकडे करून किंवा पुनर्रचना करून उभ्या केलेल्या कंपनीला ती मिळत नाही. तुमचा प्रकल्प त्यात बसतो की नाही, हे तेव्हा अर्जात काय लिहिलंत त्यावर बरंचसं अवलंबून आहे.