गाइडशी बिनसलंय, पण बोभाटा नको: लोकपालांकडे जावं का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. पीएचडीचं तिसरं वर्ष, लिहिलेलं प्रकरण गाइडकडे कित्येक महिने पडून, वर पेपरवर ज्याने काहीच केलं नाही त्याचं नाव घालायचा आग्रह. हे सरांच्या कानावर न जाता मिटावं म्हणून थेट विद्यापीठाच्या लोकपालांकडे अर्ज करू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: आत्ता नको.

परदेशातल्या बऱ्याच विद्यापीठांत ओंबुड्स कार्यालय असतं. तिथे मोकळेपणाने बोलता येतं, एखाद्याच्या जिवाला धोका वगैरे असल्याशिवाय नाव बाहेर जात नाही, आणि तिथला माणूस निकाल देत नाही, वाट सुचवतो. आपल्याकडचे लोकपाल म्हणजे अपिलाची पायरी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे तक्रार आधी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालांकडे अपील. समितीला दोन्ही बाजू ऐकाव्याच लागतात, म्हणजे तुमचं म्हणणं सरांपर्यंत जाणारच. चूक कोणाचीच नाही, रचनाच तशी आहे. पण गुपचूप मिटवायची ती जागा नव्हे.

आणि आपलं सोलापूर. २००४ साली एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ झालं, त्याचा फायदा आपल्या पोरांना झालाच, कोल्हापूरचे हेलपाटे वाचले. पण विषयातले लोक मोजकेच. तुमचे गाइड, तुमच्या संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या सल्लागार समितीतले सर आणि शेजारच्या कॉलेजचे विभागप्रमुख एकाच लग्नात पंगतीला बसतात. म्हणून मन मोकळं करायला माणूस निवडताना विषयाबाहेरचा निवडा. दुसऱ्या विभागातल्या एखाद्या ज्येष्ठ बाई, जुने प्राचार्य. आणि नाव सांगण्याआधीच विचारा, "बाई, हे आपल्या दोघांतच राहील ना? तुम्हाला कुठे कळवणं भाग पडेल का?" ज्या माणसाला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्याकडे पुढचं बोलूच नका.

मग सरांना एक साधा मेल करा. तक्रारीचा सूर नको. "सर, तिसरं प्रकरण अमुक तारखेला दिलं होतं. सहामाही सादरीकरणाआधी सूचना मिळाल्या तर दुरुस्त करून आणते. पुढच्या आठवड्यात कधी येऊ?" एवढंच. तोंडी झालेलं बोलणंही त्याच दिवशी मेलवर टाका, "आज ठरल्याप्रमाणे" असं लिहून. पेपरचे सगळे मसुदे तारखेसकट जपा. कोणी काय लिहिलं हे पुढे तेच सांगतील. सल्लागार समितीपुढचं दर सहा महिन्यांचं सादरीकरण हीसुद्धा हक्काची जागा आहे. तिथे अहवालात "प्रकरण सूचनांसाठी प्रलंबित" ही ओळ तारखेसह लिहा. कोणावर आरोप होत नाही, पण नोंद राहते. मला तर हा मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो.

एक मात्र वेगळं. सरांच्या वागण्यात लैंगिक छळाचा अंश असेल तर यातलं काहीच करत बसू नका, अशाच तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीकडे जा. घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, आणि २०१३ च्या कायद्याने तुमचं नाव जाहीर करायला बंदी आहे. समोरच्याला तक्रारीची प्रत मिळते, हे मात्र धरून चला.

मेल पाठवूनही महिनाभर उत्तर आलं नाही, तर विभागप्रमुखांना भेटा. त्यानंतरही हललं नाही, तर तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. अपिलाचे १५ दिवस निर्णय हातात पडल्यापासून मोजतात, म्हणून तो मिळाल्याची तारीख लिहून ठेवा.